ऑब्जेक्ट मरतं कधी? रेफरन्स काउंटिंग आणि गार्बेज कलेक्शन हाताने करून बघा

सर्व्हरची डिस्क भरत आली म्हणून कुणीतरी भलीमोठी लॉग फाइल उडवतं. फाइल पुसणारं ‘आरएम’ बिनतक्रार चालतं, फाइल यादीतून दिसेनाशी होते, आणि डिस्कचा हिशेब दाखवणारं ‘डीएफ’ मारून बघावं तर मोकळी जागा होती तेवढीच. पहिल्यांदा हे ज्याच्या वाट्याला येतं तो आणखी दोनदा ‘डीएफ’ मारतो, मग आपण भलतीच फाइल तर उडवली नाही ना, या विचाराने त्याला घाम फुटतो.

फाइल बरोबरच उडवलेली असते. फक्त ज्या प्रोसेसने ती उघडून धरलीय ती अजून चालू असते. तुम्ही पुसलंत ते फाइलचं नाव. फाइल जिवंत आहे, कारण तिला धरून ठेवणारं कुणीतरी शिल्लक आहे. प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा झटक्यात मोकळी होते.

प्रोग्रामच्या मेमरीतल्या ऑब्जेक्टचंही असंच असतं. ते मरतं कधी आणि मेलंय हे ठरवतं कोण, एवढाच या लेखाचा विषय. नवीन मंडळींना दोन व्याख्या पाठ असतात: रेफरन्स काउंटिंग म्हणजे मोजणं (ऑब्जेक्टकडे कुठून कुठून बोट दाखवलंय ते; असं प्रत्येक बोट म्हणजे एक रेफरन्स), गार्बेज कलेक्शन म्हणजे झाडू मारणं. मुलाखतीत ‘पायथॉनमध्ये यातलं काय असतं?’ असं विचारलं की बहुतेक जण एक पर्याय निवडतात आणि तिथेच फसतात. म्हणून व्याख्या बाजूला ठेवू आणि थेट करून बघू. त्यासाठी लिनक्स किंवा मॅकचं टर्मिनल, गिट आणि पायथॉन ३ एवढं पुरे. कमांडचे मी इथे उच्चार लिहितोय. टाइप करताना नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच करा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शास्त्र म्हणून बघितलं तर ‘गार्बेज कलेक्शन’ हे मोठं छत्र आहे आणि रेफरन्स काउंटिंग त्याच्याच खाली येतं. पण रोजच्या बोलण्यात ‘जीसी’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात मुळापासून शोध घेणारा कलेक्टर असतो. गोंधळ नको म्हणून त्या प्रकाराला मी ‘ट्रेसिंग’ म्हणेन.

पायरी १: टर्मिनलमध्ये काउंट बघा

रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पहिली’ नावाची छोटीशी टेक्स्ट फाइल बनवा आणि ‘एलएस -एल’ चालवा. ओळीच्या सुरुवातीला परवानग्यांची अक्षरं असतात. त्यांच्या लगेच पुढे एक आकडा असतो, ज्याच्याकडे आपण सगळेच वर्षानुवर्षं काणाडोळा करतो. तिथे १ दिसेल. आता ‘एलएन पहिली दुसरी’ म्हणा, म्हणजे त्याच फाइलला दुसरं नाव (लिंक) द्या, आणि पुन्हा बघा. दोन्ही नावांपुढे २ आलेला असेल. ‘पहिली’ पुसून टाका. ‘दुसरी’पुढे १ उरेल आणि आतला मजकूर जसाच्या तसा असेल.

म्हणजे फाइल सिस्टिममध्ये नाव वेगळं आणि फाइल वेगळी. फाइलची खरी नोंद आयनोडमध्ये असते आणि आपल्याकडे किती नावं बोट दाखवतायत हे तो आयनोड मोजत बसतो. नाव वाढलं की एक मिळवायचा, गेलं की एक वजा करायचा. आकडा शून्यावर आला आणि कुठल्याही प्रोसेसने फाइल उघडून धरलेली नसली की जागा मोकळी. रेफरन्स काउंटिंग हे याहून काहीही अधिक नाही.

आता हेच ‘एलएन’ एखाद्या फोल्डरवर वापरून बघा. लिनक्स सरळ नकार देईल. कारण मोठं मजेशीर आहे. फोल्डरच्या पोटात त्याच फोल्डरची दुसरी लिंक ठेवता आली असती, तर बाहेरचं नाव पुसल्यावरही आतल्या लिंकमुळे काउंट १ राहिला असता. तिथवर पोचायला वाट नाही आणि मोजणीच्या हिशेबी ते जिवंत. या दुखण्यावर फाइल सिस्टिमने औषध शोधलंच नाही. मुळात अशी गाठ मारायलाच बंदी घातली. प्रोग्रामिंग भाषेला ही चैन परवडत नाही, हे पुढे दिसेल.

पायरी २: गिटमध्ये ट्रेसिंग बघा

टाकाऊ रेपॉझिटरी बनवा, कामाची नको. एक कमिट करा. मग नवी ब्रँच काढून तिच्यावर एक नवीन फाइल टाकून दुसरी कमिट करा आणि तिचा हॅश कुठेतरी उतरवून ठेवा. मूळ ब्रँचवर परत या आणि नवी ब्रँच ‘गिट ब्रँच -डी’ने उडवा; इथे डी कॅपिटल हवा. आता उतरवलेला हॅश देऊन ‘गिट शो’ चालवा. कमिट ठणठणीत!

गिट कुठल्याही कमिटवर आकडा ठेवत नाही. त्याला सफाई करायची असते तेव्हा तो ब्रँच, टॅग, हेड अशा काही ठरावीक ठिकाणांपासून निघतो, बोट धरून धरून पुढच्या कमिटवर, तिथून ट्रीवर (म्हणजे त्या कमिटमधल्या फाइलींच्या यादीवर), तिथून फाइलींवर जातो आणि जिथवर पोचला ते सगळं जिवंत धरतो. उरलेलं कचरा. निघायच्या या ठिकाणांना ‘रूट’ म्हणतात, मराठीत मुळं म्हणू.

पण ‘गिट एफएसके --अनरीचेबल’ चालवलंत तर आपली अनाथ कमिट यादीत येणारच नाही. कारण रिफ्लॉगमध्ये, म्हणजे हेड कुठे कुठे होतं याच्या गिटच्या डायरीत, तिची नोंद आहे आणि रिफ्लॉगही मुळांतच धरला जातो. त्याच कमांडला ‘--नो-रिफ्लॉग्ज’ जोडा. आता तीन ऑब्जेक्ट दिसतील: कमिट, तिची ट्री आणि नव्या फाइलचा ब्लॉब, म्हणजे तिचा मजकूर. ‘हे अजून मेलं कसं नाही?’ या प्रश्नाचं उत्तर दहातल्या नऊ वेळा असंच एखादं लक्षात न आलेलं मूळ असतं. हे आत्ताच डोक्यात बसवा, सहाव्या पायरीत लागेल.

सफाई लगेच होत नाही, हेही बघून ठेवा. मूळ सेटिंगप्रमाणे गिट अशा नोंदी रिफ्लॉगमध्ये ३० दिवस ठेवतो आणि सुटे पडलेले ऑब्जेक्ट २ आठवडे जुने होईपर्यंत त्यांना हात लावत नाही. घाई असेल तर रिफ्लॉग ‘एक्स्पायर’ करून ‘गिट जीसी --प्रून=नाउ’ म्हणायचं. मग ‘गिट शो’ चूक दाखवेल.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की फरक नीट दिसतो. रेफरन्स काउंटिंग प्रत्येक वस्तूला विचारतं, ‘तुला कुणी धरलंय का?’ ट्रेसिंग मुळांना विचारतं, ‘तुम्ही कुठवर पोचता?’ पहिला प्रश्न जागच्या जागी आणि तत्काळ सुटतो, पण त्याला आजूबाजूचं काही दिसत नाही. दुसऱ्याला सगळं दिसतं, पण त्यासाठी सगळीकडे फिरावं लागतं आणि ते अधूनमधूनच जमतं. पुढे येणारे सगळे फायदे-तोटे या दोन प्रश्नांतूनच निघतात.

पायरी ३: पायथॉनमध्ये दोन्ही एकत्र बघा

ही पायरी सावकाश करा. बाकी लेख चाळलात तरी चालेल.

प्रॉम्प्ट उघडा. आधी ‘जीसी’ मॉड्यूल इम्पोर्ट करून ‘जीसी डॉट डिसेबल’ चालवा. का, ते लगेच कळेल. मग ‘सिस’मधून ‘गेटरेफकाउंट’ घ्या. ‘यादी’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये रिकामी लिस्ट ठेवा. (पायथॉन ३ ला देवनागरीतली नावं चालतात. कामाच्या कोडमध्ये नका करू, सहकारी बोलणं टाकतील.) ‘गेटरेफकाउंट’ला ‘यादी’ द्या. उत्तर २ येईल. एक तुमचं व्हेरिएबल आणि दुसरा रेफरन्स खुद्द फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंटचा. मोजणाराच मोजणीत धरला जातो. आता ‘दुसरी = यादी’ करा, ३ होतील. एका डब्यात म्हणजे दुसऱ्या लिस्टमध्ये ‘यादी’ दोनदा टाका, ५ होतील. ‘डेल दुसरी’, ४.

आकडा एकाने जास्त येतोय? मग तुम्ही मधेच प्रॉम्प्टवर नुसतं ‘यादी’ लिहून एंटर मारलं असेल. शेवटचं उत्तर प्रॉम्प्ट ‘_’ या नावाखाली धरून ठेवतो. तोही एक रेफरन्सच. शिवाय ३.१४ पासून पायथॉन काही ठिकाणी मोजणी टाळतो, त्यामुळे नव्या आवृत्तीत आकडे थोडे इकडेतिकडे झाले तर घाबरू नका.

आता ‘नोड’ नावाचा क्लास लिहा आणि त्यात ‘__डेल__’ मेथडमध्ये ‘गेलो’ असं छापायला सांगा. ‘अ’मध्ये एक नोड ठेवा आणि ‘डेल अ’ म्हणा. एंटर दाबल्याक्षणी ‘गेलो’ छापून येतं. काउंट शून्य, खेळ खलास.

मग दोन नोड घ्या, ‘अ’ आणि ‘आ’. ‘अ’च्या ‘जोडी’ या ॲट्रिब्यूटमध्ये ‘आ’ ठेवा आणि ‘आ’च्या ‘जोडी’त ‘अ’. दोन्ही नावं ‘डेल’ करा. आता काहीच छापून येत नाही. नावं गेली, तुम्हाला त्या दोघांपर्यंत पोचायची वाट राहिली नाही, पण ते एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेत आणि प्रत्येकाचा काउंट १ आहे. फोल्डरच्या बाबतीत लिनक्सने जी गाठ मारू दिली नव्हती, तीच ही. हिला सायकल म्हणतात.

आता ‘जीसी डॉट कलेक्ट’ हाताने चालवा. ‘गेलो’, ‘गेलो’. पायथॉनमध्ये काउंटिंग तर आहेच, त्याच्या जोडीला सायकल शोधणारा वेगळा कलेक्टरही आहे. २००० साली आलेल्या पायथॉन २.० पासून तो आहे. सुरुवातीला आपण ‘डिसेबल’ केलं नसतं तर तो मधेच आपोआप येऊन प्रयोगाचा विचका करू शकला असता.

हा कलेक्टर सायकल ओळखतो कशी? मुळं शोधत बसण्याऐवजी तो वजाबाकी करतो. ज्यांच्या पोटात दुसरे ऑब्जेक्ट मावतात अशा सगळ्यांची, म्हणजे लिस्ट, डिक्शनरी, आपले नोड वगैरेंची, यादी त्याच्याकडे असते. प्रत्येकाच्या काउंटची तो एक प्रत काढतो. मग प्रत्येकाच्या पोटात डोकावतो आणि आत जो कुणी सापडेल त्याच्या प्रतीतून एक वजा करतो. आपल्या ‘अ’ची प्रत १; ‘आ’च्या पोटात ‘अ’ सापडला, म्हणून उरले ०. ‘आ’चंही तसंच. वजाबाकीनंतर ज्याचा आकडा शून्याच्या वर उरतो, त्याला या गोतावळ्याच्या बाहेरून कुणीतरी धरलेलं आहे. तो जिवंत, आणि त्याच्यापासून पोचता येतात ते सगळे जिवंत. बाकी कचरा. वहीत तीन-चार नोडची चित्रं काढून हे एकदा स्वतः करा. मला स्वतःला दोन दिवस वाचून जे कळलं नव्हतं ते एका चित्रात कळलं.

या दोन्ही कल्पना एकाच वर्षीच्या आहेत. १९६० साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरच्या लेखात ट्रेसिंगची पद्धत मांडली आणि त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी रेफरन्स काउंटिंगची. सायकलचा घोळ १९६३ मध्ये मॅकबेथ यांनी दाखवून दिला. म्हणजे हा वाद भाषांच्या जवळजवळ जन्मापासूनचा आहे.

पायरी ४: कोण कशाची किंमत वसूल करतं ते तपासा

‘काउंटिंगमध्ये प्रोग्राम थांबत नाही आणि ट्रेसिंगमध्ये थांबतो’ असं सर्रास सांगितलं जातं. अर्धवट आहे ते. पायथॉनमध्ये काही लाख छोट्या लिस्ट एकाच मोठ्या लिस्टमध्ये भरा आणि ‘डेल’ला किती वेळ लागतो ते मोजा. एक काउंट शून्य झाला की त्याच्या पोटातल्यांचे कमी होतात, त्यांतले काही शून्य होतात, आणि अशी रांगच्या रांग त्या एका ओळीत कोसळते. हाही पॉजच. फरक एवढाच की तो कुठल्या ओळीवर येणार हे तुम्हाला कोड वाचून सांगता येतं. रस्टमध्ये किंवा सी++ मध्ये लांबलचक लिंक्ड लिस्ट अशी सोडली तर एकात एक डिस्ट्रक्टर चालून स्टॅकसुद्धा फुटू शकतो.

काउंटिंगची खरी किंमत बारीक बारीक आणि सतत चालू असते. प्रत्येक असाइनमेंटला एक बेरीज, एक वजाबाकी. त्यात थ्रेड आले की भाव चढतो. दोन थ्रेडनी एकाच वेळी एकच काउंट वाढवला तर एखादी बेरीज हरवते, म्हणून प्रत्येक बेरीज अॅटॉमिक (मधे कुणाला घुसता येणार नाही अशी) करावी लागते आणि ती साध्या बेरजेहून बरीच महाग. रस्टमध्ये म्हणून दोन वेगळे प्रकार आहेत, एका थ्रेडपुरता ‘आरसी’ आणि थ्रेडांमध्ये वाटून घ्यायचा ‘आर्क’. पायथॉनने एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं एकच मोठं कुलूप लावलं, ज्याच्या नावाने सगळे खडे फोडतात ते जीआयएल. २०२४ च्या ३.१३ मध्ये हे कुलूप नसलेला प्रायोगिक बिल्ड आला, तेव्हा मोजणीची अख्खी रीतच बदलावी लागली.

आणि यातला न दिसणारा खर्च: नुसतं वाचायचं झालं तरी मेमरीत लिहिलं जातं. एका प्रोसेसमधून फोर्क करून (म्हणजे तिच्याच प्रती काढून) अनेक वर्कर काढले की ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीची पानं सगळ्यांत वाटून देते आणि कुणी पानावर लिहिलं तरच त्याची वेगळी प्रत काढते. पायथॉनमध्ये काउंट ऑब्जेक्टच्या अंगावरच असतो. ऑब्जेक्टकडे बघितलं की काउंट हलला, पान मळलं, प्रत निघाली. सायकल शोधणारा कलेक्टरही फिरता फिरता हेच करतो. इन्स्टाग्रामने २०१७ मध्ये याच कारणासाठी आपल्या वेब सर्व्हरवर तो कलेक्टर बंद केल्याचं जाहीरपणे लिहिलं होतं. पुढे पायथॉन ३.७ मध्ये ‘जीसी डॉट फ्रीझ’ आलं ते याच दुखण्यावर. आणि ३.१२ पासून ‘नन’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ यांची मोजणीच बंद झाली आहे. ते अमर मानलेत. ‘गेटरेफकाउंट’ला ‘नन’ देऊन येणारा अवाढव्य आकडा बघा.

ट्रेसिंगची किंमत मेमरीत मोजावी लागते. कचरा जमेपर्यंत थांबायचं तर तो ठेवायला जागा हवी. हर्ट्झ आणि बर्गर यांनी २००५ मध्ये जावा प्रोग्रामवर मोजमाप करून दाखवलं की गरजेच्या पाचपट मेमरी दिली तर चांगला कलेक्टर हाताने मोकळ्या केलेल्या मेमरीच्या वेगाला गाठतो. तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के मागे पडतो. दुप्पटच दिली तर जवळजवळ ७० टक्के. कंटेनरला काटकसरीने मेमरीची मर्यादा घालणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. ‘सर्व्हिस स्लो आहे’ या तक्रारीमागे कित्येकदा धापा टाकणारा कलेक्टर असतो.

पॉजची गोष्ट मात्र आता जुनी होत चालली. बहुतेक ऑब्जेक्ट जन्मतात आणि लगेच मरतात हे ओळखून १९८३-८४ च्या सुमारास पिढ्यांनुसार सफाई करायची युक्ती आली: तरुण भाग वारंवार झाडायचा, जुन्याला क्वचित हात लावायचा. मग प्रोग्राम चालू असतानाच समांतर काम करणारे कलेक्टर आले. गो भाषेने २०१५ च्या १.५ मध्ये पॉज १० मिलिसेकंदांच्या आत आणला. जावाचा झेडजीसी जेडीके १६ पासून एका मिलिसेकंदाच्या आत ठेवायचं ध्येय बाळगतो.

करून बघायचंय? गोचा कुठलाही प्रोग्राम ‘गोडीबग’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘जीसीट्रेस=१’ देऊन चालवा. प्रत्येक सफाईला एक ओळ येते. तिच्यात बाणांनी जोडलेले तीन आकडे असतात, समजा ४, ५ आणि २ एमबी. सफाई सुरू झाली तेव्हाचा हीप (ऑब्जेक्ट राहतात ती मेमरी), संपली तेव्हाचा हीप आणि त्यातला खरोखर जिवंत भाग. तुमचं लक्ष तिसऱ्या आकड्यावर हवं. पहिले दोन वरखाली झाले तर होऊ द्या. तिसरा तासागणिक चढत असेल तर लीक आहे, म्हणजे नको असलेली मेमरी सुटत नाहीय. जावात ‘-एक्सलॉग:जीसी’ने असाच तपशील मिळतो.

पायरी ५: मोजणाऱ्या भाषेत सायकल तुम्हीच तोडा

स्विफ्टमध्ये एआरसी (ऑटोमॅटिक रेफरन्स काउंटिंग) असतं, सी++ मध्ये ‘शेअर्ड पॉइंटर’, रस्टमध्ये वर आलेले ‘आरसी’ आणि ‘आर्क’. या तिघांपैकी कुणाकडेही पायथॉनसारखा वजाबाकी करणारा कलेक्टर नाही. सायकल झाली की ती प्रोग्राम संपेपर्यंत तशीच. पीएचपीचंही असंच होतं. २००९ च्या ५.३ मध्ये त्याला सायकल कलेक्टर मिळाला.

उपाय म्हणजे वीक रेफरन्स. तो बोट दाखवतो पण मोजणीत येत नाही. कुठला रेफरन्स वीक करायचा हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: यातला मालक कोण? स्क्रीन बटणांची मालक आहे, तर स्क्रीनकडून बटणाकडे जाणारा रेफरन्स पक्का आणि बटणाकडून स्क्रीनकडे परत येणारा वीक. स्विफ्टमध्ये नवखे सर्वांत जास्त अडकतात ते क्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरची व्हेरिएबल्स सोबत धरून ठेवणाऱ्या फंक्शनमध्ये. ऑब्जेक्ट क्लोजरला धरून ठेवतं आणि क्लोजर आत ‘सेल्फ’ वापरत असल्यामुळे ऑब्जेक्टला. डोळ्यांना सायकल दिसतच नाही. तिथे कंसात ‘वीक सेल्फ’ लिहायचं. ‘अनओन्ड’ नावाचाही पर्याय आहे, पण ऑब्जेक्ट आधीच गेलेलं असलं तर तो प्रोग्राम पाडतो. सुरुवातीची काही वर्षं त्याच्या वाटेला जाऊ नका.

ॲपलने हे दोन्ही रस्ते चालून बघितलेत. आपल्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेला २००७ मध्ये मॅकच्या लेपर्ड आवृत्तीबरोबर ट्रेसिंग कलेक्टर दिला, २०११ मध्ये एआरसी आणलं आणि २०१२ मध्ये तो कलेक्टर कालबाह्य ठरवला. खिशातल्या फोनला पाचपट मेमरीची चैन नव्हती, असं माझं मत.

दोन व्यवस्था एकमेकींना भेटतात तिथेही सांभाळा. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये जावास्क्रिप्टची बाजू ट्रेसिंगची होती आणि पानावरच्या घटकांची बाजू मोजणीची. घटक आणि त्याचा क्लिक हँडलर एकमेकांना धरून बसले की सायकल अर्धी इकडे, अर्धी तिकडे. दोघांपैकी कुणालाच ती पुरती दिसायची नाही आणि ब्राउझर फुगत जायचा.

पायरी ६: ‘जीसी आहे, म्हणजे लीक नाही’ हे डोक्यातून काढा

फार पूर्वी मी ज्या सर्व्हिसवर काम करत होतो ती दर आठवड्याला मेमरी संपून पडायची. आम्ही आठवड्याअखेरीस रीस्टार्ट लावून दिला आणि कलेक्टरला शिव्या घालत दोन आठवडे त्याच्या सेटिंगचे खुंटे पिळत बसलो. शेवटी हीप डंप, म्हणजे हीपमधल्या सगळ्याची प्रत, काढला. एका स्टॅटिक मॅपमध्ये लाखो नोंदी होत्या. रिक्वेस्ट आली की नोंद टाकायची आणि काम झालं की काढायची, असा साधा हिशेब. काढायची ओळ फक्त यशाच्या वाटेवर लिहिलेली होती. फसलेली प्रत्येक रिक्वेस्ट त्या मॅपमध्ये कायमची मुक्कामाला. ती ओळ मीच लिहिली होती, हे टीममध्ये सांगायला मला थोडा वेळ लागला.

कलेक्टरचं काहीच चुकलं नव्हतं. मॅप मुळापासून पोचता येत होता, म्हणून त्यातलं सगळं जिवंत. तुम्हाला ते पुन्हा लागणार नाही हे त्याला कुठून कळणार? न काढलेले लिसनर, मर्यादा नसलेला कॅश आणि ग्लोबल डिक्शनरी हे नेहमीचे संशयित.

शोधायची रीत सगळीकडे तीच. काही अंतराने दोन स्नॅपशॉट घ्या, त्यांच्यातला फरक बघा, वाढलेल्यांपैकी एक ऑब्जेक्ट निवडा आणि मुळापासून त्याच्यापर्यंतची साखळी काढा. जावासाठी एक्लिप्स मॅट, क्रोममध्ये मेमरी टॅबमधले ‘रिटेनर्स’, पायथॉनमध्ये ‘ट्रेसमॅलॉक’ आणि ‘जीसी डॉट गेट रेफरर्स’. साखळी वाचताना टोकापासून सुरुवात करू नका. ‘हे इथे का?’ असं जिथे वाटेल ती पहिली कडी पकडा.

पायरी ७: फाइली आणि कनेक्शन मोजणीच्या किंवा कलेक्टरच्या भरवशावर सोडू नका

सी-पायथॉनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथॉनमध्ये, फाइल उघडून बंद करायची विसरलात तरी व्हेरिएबल गेल्यावर ती बंद होते, कारण काउंट शून्य होतो. त्यामुळे हात बिघडतो. तोच प्रोग्राम पायपाय या दुसऱ्या पायथॉनवर चालवा. तिथे ट्रेसिंग आहे, कलेक्टर येईल तेव्हा येईल, आणि दरम्यान उघड्या फाइलींची मर्यादा संपून जाईल. कलेक्टर मेमरी कमी पडली तर जागा होतो; कनेक्शन कमी पडली हे त्याच्या गावीही नसतं. पायथॉनमध्ये ‘विथ’, जावात ७ पासून मिळणारं ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’, गोमध्ये ‘डिफर’, सी-शार्पमध्ये ‘युझिंग’. यावर वाद नको, सवय लावून घ्या. जावाने स्वतःचं ‘फायनलाइझ’ आवृत्ती ९ मध्ये कालबाह्य ठरवलंय.

पायरी ८: मग निवडायचं काय?

खरं तर तुम्ही भाषा निवडता, बाकीचं तिच्याबरोबर येतं. आणि दोन्ही छावण्या एकमेकींच्या दिशेने सरकल्यात. बेकन, चेंग आणि राजन यांनी २००४ मध्ये मांडलं होतं की ट्रेसिंग जिवंतांच्या मागे जातं आणि काउंटिंग मेलेल्यांच्या, दोन्ही एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, आणि वेगवान कलेक्टर कुठल्या ना कुठल्या प्रकारे मिश्रणच असतो. पायथॉन तर तुम्ही आत्ताच आतून बघितलात.

नवी भाषा हातात आली की पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचारून घ्या: सायकल आपोआप सुटते की मला वीक लावावं लागेल, कलेक्टरचा लॉग कसा चालू करायचा, हीपचा स्नॅपशॉट कसा घ्यायचा, आणि मेमरीची मर्यादा कुठे सांगायची. गोमध्ये शेवटच्याचं उत्तर ‘गोमेमलिमिट’, जावात ‘-एक्सएमएक्स’.

आणि एक गृहपाठ. तुमचाच एखादा जुना पायथॉन प्रोग्राम घ्या, जो तासभर तरी चालतो. सुरुवातीच्या ओळीत ‘जीसी डॉट डिसेबल’ टाका आणि मेमरीवर नजर ठेवा. आलेख आडवा राहिला तर तुमच्या कोडचा सगळा कचरा नुसत्या मोजणीवर साफ होतोय. चढत गेला तर मधेच एकदा ‘जीसी डॉट कलेक्ट’ मारा. त्याने खाली आला तर कोडमध्ये कुठेतरी सायकल तयार होतेय. ‘जीसी डॉट सेट डीबग’ला ‘डीबग सेव्हऑल’ देऊन पुन्हा ‘कलेक्ट’ करा आणि ‘जीसी डॉट गार्बेज’मध्ये कोण कोण पडलंय ते बघा. खालीही आला नाही, तर सहाव्या पायरीतला माझा मॅप आठवा.